मनुस्मृती जाळली, मग म्हातारी अजून मुलाच्या ताब्यात कशी?

साठी उलटलेल्या बाईला आपल्या वस्तीत एक वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकायला मिळते. "आता आराम करा, आजी." मुलगा म्हणतो, सून म्हणते, विहाराच्या कमिटीतला पोरगा म्हणतो. ज्याला आम्ही उघडानागडा अंगणात लोळताना पाहिले, तोही म्हणतो. वाक्य गोड आहे. पण ते नेमके कधी म्हटले जाते ते पाहा. आम्ही भांडी घासत असतो तेव्हा कोणी म्हणत नाही. नातवाला शाळेतून आणायला भर उन्हात निघतो तेव्हा कोणी म्हणत नाही. राशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून तिसऱ्यांदा रांगेत उभ्या राहतो तेव्हाही नाही. ते म्हटले जाते आम्ही चप्पल घालून बैठकीला निघालो की. बँकेचे पासबुक मागितले की. विहाराच्या वर्गणीचा हिशेब विचारला की. म्हणजे आराम आमच्या कष्टांना द्यायचा नसतो, आमच्या मर्जीला द्यायचा असतो.

हा आराम आम्हाला ओळखीचा आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात तो लिहून ठेवलेला आहे. बाईने लहानपणी बापाच्या, तरुणपणी नवऱ्याच्या आणि म्हातारपणी मुलांच्या ताब्यात राहावे, ती स्वातंत्र्याला लायकच नाही, असा त्या कलमाचा अर्थ. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत ती पोथी जाळली गेली. दरवर्षी आपण तो दिवस स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतो, भाषणे होतात, आम्ही टाळ्या वाजवतो. त्या भाषणांत बापाच्या ताब्याविषयी बोलले जाते, म्हणून आपल्या मुली शिकल्या. नवऱ्याच्या ताब्याविषयी बोलले जाते, म्हणून दारू पिऊन मारणाऱ्याविरुद्ध सुना पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ लागल्या. पण त्या कलमाचा तिसरा तुकडा, म्हातारपणी मुलाच्या ताब्यातला, त्याविषयी एकही वक्ता बोललेला आम्ही आजवर ऐकला नाही. तो तुकडा जळाला की नाही, हे बघायला राखेत हात कोण घालणार? ज्यांचा जळायचा राहिला, त्याच घालणार.

आम्ही म्हणजे उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतल्या अकरा जणी. सर्वांत धाकटी ६१ वर्षांची, सर्वांत थोरली ७४ ची, निदान कागदावर. कागदावर म्हणायचे कारण असे, की आमच्यातल्या सहा जणींचा वाढदिवस १ जुलैला येतो. गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच तारीख लिहिली. ज्या शाळेतच गेल्या नाहीत त्यांना आधार काढणाऱ्या पोराने १ जानेवारी दिली. त्या तारखेवरून आमची योजना ठरते, प्रवास ठरतो, आम्ही तरुण की म्हाताऱ्या हेही ठरते. आठ जणींनी आयुष्यभर बिड्या वळल्या, दोघींनी लोकांच्या घरी धुणीभांडी केली, एक दवाखान्यात आया होती. थोरली १९५६ च्या ऑक्टोबरात आईच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेली होती. तिला बाबासाहेब आठवत नाहीत, पांढऱ्या साड्यांची गर्दी आठवते, आणि तहान. तिघी जणी १९७९ च्या नामांतराच्या लाँग मार्चला निघाल्या होत्या. त्यातली एक दुसऱ्यांदा गरोदर होती. तेव्हा तिला "आराम कर" असे कोणी म्हटले नाही, असे ती आता हसत सांगते.

शहरातल्या बऱ्या वस्त्यांत ज्येष्ठांचे संघ आहेत. सकाळी हसण्याचे वर्ग असतात, सहली निघतात, मोठे डॉक्टर येऊन व्याख्यान देतात की म्हातारपणी सक्रिय राहा, छंद जोपासा, घरात बसून राहू नका. सल्ला चांगला आहे, पण तो ज्याची पेन्शन महिन्याच्या एक तारखेला येते त्याच्यासाठी बेतलेला आहे. आमच्या आयुष्यात कामाची टंचाई कधी नव्हती. आम्ही आठव्या वर्षापासून सक्रिय आहोत. पत्र्याच्या फर्म्यावर पान कापायचे, जर्दा भरायचा, वळायचे, सूत बांधायचे, हजाराच्या हिशेबाने ठेकेदाराकडे न्यायचे आणि त्याने छाट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे सोडून द्यायचे. त्या धुळीने भरलेली छाती आणि मांडी घालून बसून गेलेले गुडघे घेऊन आम्ही साठीत आलो. आम्हाला काम शिकवायची गरज नाही. टंचाई होती ती एवढीच, की आजचा दिवस मी कसा घालवणार हे ठरवायला कधी मिळाले नाही. आधी बापाने ठरवले, मग ठेकेदाराने, नवऱ्याने आणि चुलीने. आता कुठे हात मोकळे झाले, तर मुलगा उभा आहे.

मुलांविरुद्ध आम्ही लेख लिहीत आहोत, असे कोणी समजू नये. आमचे मुलगे वाईट नाहीत. जयंतीला निळा फेटा बांधतात, संविधानावर बोलतात, त्यांच्यातल्या दोघांनी तर स्वतःच्या लग्नात हुंडा नाकारला. म्हणूनच आम्ही त्यांच्याशी वाद घालतो. ज्याने बाबासाहेब वाचलेच नाहीत त्याच्याशी वाद काय घालायचा?

आधी पैशाचे सांगतो, कारण पैशाखेरीज मर्जी हा नुसता शब्द आहे.

बिडी कामगार म्हणून ज्यांचा प्रॉव्हिडंट फंड कापला गेला, त्यांना निवृत्तिवेतन मिळते. त्याची किमान रक्कम २०१४ साली महिना १,००० रुपये ठरली. ज्यांची नावे ठेकेदाराने कधी चढवलीच नाहीत, त्यांना तेही नाही. मग उरते श्रावणबाळ योजना. ६५ वर्षे पूर्ण हवीत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे, मग महिना १,५०० रुपये. २१ हजार भागिले १२ करून पाहा. एका कुटुंबाने महिन्याला १,७५० रुपयांत जगावे तेव्हा त्यातली म्हातारी सरकारच्या लेखी गरीब! मग मुलगा मजुरी करत असेल तर उत्पन्नाचा दाखला कसा मिळवायचा, ही एक वेगळीच विद्या आहे, तिचे दुकान तहसीलच्या दारातच असते. केंद्र सरकारचा वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला वाटा ६० ते ७९ वयाला महिना २०० रुपये आहे. हा आकडा वर्षानुवर्षे जागचा हललेला नाही, तेलाचा मात्र हलला.

आणि लाडकी बहीण? तिचे वय २१ ते ६५. आमच्यातल्या चौघी ६५ च्या आत होत्या, त्यांना १,५०० रुपये सुरू झाले. त्यातली एक नंतर १ जुलै आला तशी ६५ ची झाली. बहीण होती, ती एका दिवसात कोण झाली, हे तिला कोणी सांगितले नाही. आता तिने पुन्हा श्रावणबाळचा अर्ज भरायचा, पुन्हा उत्पन्नाचा दाखला काढायचा. दिवस गेले, महिने गेले. बाईचे मत मागायचे वय संपत नाही, बहीण म्हणायचे वय संपते.

ज्यांना पैसे मिळतात त्यांनी दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. म्हणजे आम्ही जिवंत आहोत हे आम्हीच जाऊन सांगायचे. अंगठा यंत्रावर ठेवला की यंत्र नाही म्हणते, कारण बिडीच्या पानाने आणि भांड्यांच्या राखेने बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. ज्या कामामुळे बोटे झिजली, त्या कामाचा पुरावा म्हणून ही बोटेच धरली पाहिजेत. ते होत नाही. उलट झिजलेली बोटे म्हणजे ओळख नसलेली बाई. डोळ्यावरून ओळख पटवायची सोय आहे, यंत्र जागेवर असेल तर. आम्ही आता एकटी जात नाही, चौघी मिळून जातो. एकीचा अंगठा उमटला नाही की उरलेल्या तिघी खुर्चीवर बसूनच राहतात. कारकुनाला चौघींना उठवण्यापेक्षा यंत्र आणून देणे सोपे वाटते. मोर्चे काढून आम्ही शिकलो ते इथे असे कामी आले.

एवढे करून खात्यात आलेला पैसा कोणाच्या हाती जातो? अकरापैकी सात जणींचे एटीएम कार्ड मुलाकडे किंवा नातवाकडे होते. "आई, तुला मशीन समजत नाही." खरे आहे, समजत नव्हते. पण समजावून द्यायला कोणाला वेळ नव्हता, काढून आणायला मात्र होता. एकीला दर महिन्याला ५०० रुपये हातावर मिळायचे आणि बाकीचे "तुझ्याच औषधाला" असे सांगितले जायचे. ती बँकेत गेली, कार्ड बंद करून घेतले आणि आता पावती भरून पैसे काढते. सही येते तिला, बोटांचे काही अडत नाही. मुलगा आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी त्याने चहा मागितला. आता तिच्या पैशातून नातीची वह्यापुस्तके येतात, पण ती आणते, आणि नातीला माहीत असते की आजीने आणली. हा फरक ज्यांना किरकोळ वाटतो त्यांनी महिनाभर आपले कार्ड दुसऱ्याकडे देऊन पाहावे.

घराचे प्रकरण याहून अवघड. झोपडपट्टीतल्या घरांना पट्टे मिळू लागले तसे मुलांना अचानक आईच्या तब्येतीची काळजी वाटू लागली. "आई, तू आहेस तोवर कागद करून टाकू." बक्षीसपत्र म्हणजे काय हे आमच्यातल्या एकीला सही केल्यावर कळले, म्हणजे चुलीपासून तिची खाट व्हरांड्यात आल्यावर. इथे आम्हाला बाबासाहेबांचे नाव घ्यायचे आहे आणि ते नुसते वंदनेपुरते नाही. हिंदू कोड बिल अडवले गेले, म्हणून त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडले. त्या बिलात बाईच्या वारसाहक्काचा प्रश्न होता. पुढे १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलामुलींच्या बरोबरीचा हिस्सा दिला आणि बाईच्या नावावरची मिळकत पूर्ण तिच्या मालकीची केली. तो कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. देशाच्या मंत्र्याने खुर्ची सोडली ज्या हक्कासाठी, तो हक्क त्याच्याच जयंतीचा मंडप घालणारा मुलगा आईकडून स्टॅम्प पेपरवर काढून घेतो, तेव्हा त्याला काय म्हणायचे?

ज्या बायांनी अजून सही केलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे. मुलगा पोसत नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणात साध्या कागदावर अर्ज करता येतो, महिना १० हजारांपर्यंत रक्कम मंजूर होऊ शकते. त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडली तर परत मागता येते. पण अट कागदावर लिहिलेली असलेली बरी. "माझा मुलगा तसा नाही" हे वाक्य मनात ठेवा आणि अट कागदावर ठेवा. मुलगा खरेच तसा नसेल तर त्याला अटीचा त्रास काय? आणि सर्वांत बरे म्हणजे आपण आहोत तोवर घर आपल्याच नावावर ठेवा. खाट चुलीपाशी राहते.

आता मर्जीकडे येतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही ठरवले की रविवारी दुपारी दोन ते पाच आम्ही घरी नसू. विहाराच्या मागच्या खोलीत बसतो. एक वाचते, बाकीच्या ऐकतात आणि भांडतात. आमच्यातल्या चौघींना वाचता येत नाही, सर्वांत जास्त भांडतात त्याच. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' दोनदा झाले. शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' वाचले तेव्हा एकही जण पाचला उठली नाही. एक ६७ वर्षांची आता बाराखडी गिरवते, नातीच्या जुन्या पाटीवर. तिला विचारले, या वयात कायले? ती म्हणाली, दुकानाच्या पाट्या वाचत जायचंय, मले बसमध्ये विचारा लागते हे कोणतं गाव आलं.

या तीन तासांनी घराघरांत जेवढा गोंधळ उडाला तेवढा लाँग मार्चनेही उडाला नव्हता. "मग पोराले कोण पाहील?" असे एका मुलाने विचारले. आईने उत्तर दिले, "त्याचा बाप." त्या घरात बाप होता, रविवार होता, मोबाईल होता. पण उत्तर कोणाला सुचले नव्हते. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सुनांवर आमचा राग नाही. सून कामावर जाते म्हणून नातवंडे आमच्याकडे असतात आणि ती कामावर जावी असेच आम्हाला वाटते. तिला आम्ही बिडी वळायला बसवणार नाही. नातवंडांवर आमचा जीव आहे. पण जीव असणे वेगळे आणि न विचारता गृहीत धरलेली पाळी वेगळी. सून आणि सासू दोघींच्या फुकटच्या कष्टावर ज्याचा रविवार मोकळा होतो, त्याच्याकडे बोट दाखवायचे सोडून दोघी एकमेकींवर चिडतात, ही त्या पोथीचीच करामत आहे. हे कळल्यापासून दोन सुना आमच्या रविवारी चहा घेऊन येतात आणि मागे दार लावून बसतात.

आणि आम्ही नुसते वाचत नाही. एसटीने कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला गेलो. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडली की फुकट, म्हणून थोरली आता वाढदिवसाची वाट पाहते. येताना पाणीपुरी खाल्ली, तिखट लागले म्हणून रडलो, हसलो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आम्ही नाचतो. पोरे मोबाईलवर चित्रीकरण करतात, खाली हसण्याची चिन्हे टाकतात. टाकोत. एकीने चटक निळी साडी घेतली, पैठणीसारख्या काठाची, तर नणंद म्हणाली, विधवा बाईला एवढा रंग शोभत नाही. बौद्ध होऊन इतकी वर्षे झाली, विधवेचा रंग अजून ब्राह्मणाच्या पंचांगातून ठरतो!

आता विहाराचे सांगतो, कारण घर समजून घेता येते, चळवळीचे काय? आमच्या वस्तीतल्या विहाराच्या कमिटीत बारा जण आहेत. बाराही पुरुष. वर्षावासात धम्मदानाचे जेवण आम्ही रांधतो, झाडलोट आमची, वर्गणी मागायला दारोदार आमच्याच बायका. आम्ही लेखी मागणी केली की दोन जागा साठीपुढच्या बायांना द्या. अध्यक्ष उठले, आमच्या पाया पडले आणि म्हणाले, "तुम्ही आमच्या माता आहात. तुम्ही फक्त आशीर्वाद द्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागणी तिथेच संपली. वाचकहो, पाया पडून तोंड बंद करण्याची ही रीत आपण कुठून शिकलो? धम्मात आशीर्वाद ही वस्तू नाही, मत ही वस्तू आहे. संघाचे निर्णय मताने होत. आम्हाला पाया पडणारे नकोत, हिशेबाची वही दाखवणारे हवेत.

माता म्हटले की त्याग आलाच. माता रमाईंचे नाव घेतले की सभेत डोळे भरून येतात, आमचेही येतात. पण रमाई गेल्या तेव्हा ३७ वर्षांच्या होत्या, १९३५ साली. त्यांना म्हातारपण मिळालेच नाही. दारिद्र्याने, आजाराने, उपासाने ते खाल्ले. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या २०१८ च्या अहवालात एक आकडा आहे: भारतात दलित बाई सवर्ण बाईपेक्षा सरासरी १४.६ वर्षे आधी मरते. चौदा वर्षे आणि वर. तेवढ्या काळात नात जन्मून शाळेच्या शेवटच्या वर्गांपर्यंत पोहोचते. तेव्हा आमच्यासारख्या अकरा जणी साठीसत्तरीत चालत्याबोलत्या आहेत, ही जातीच्या हातून सुटलेली मिळकत आहे. तिची जपणूक कशी करायची, हा घरगुती प्रश्न नाही, आंबेडकरी प्रश्न आहे. "आधी समाजाचे बघू, बायांचे मग" म्हणणाऱ्यांना आमचे एवढेच विचारणे आहे, की समाज म्हणजे कोणत्या वयापर्यंतचा?

कोणी म्हणेल, हे नवे खूळ आहे. नवे मुळीच नाही. शाळेत सावित्रीबाईंवर नाटिका बसवतात तेव्हा शेण झेलणारी तरुण सावित्री दाखवतात. १८९० मध्ये जोतीराव गेल्यावर अंत्ययात्रेत टिटवे धरणारी, १८९३ च्या सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद भूषवणारी सावित्री कोण दाखवते? आणि १८९७ च्या प्लेगात आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्याकडे धावणारी सावित्री ६६ वर्षांची होती. आमच्या वयाची! तिला कोणी म्हटले असेल का, आता आराम करा? शांताबाई कांबळे १९८१ ला शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्या आणि मग लिहायला बसल्या. पुस्तक आले तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या आणि पुढे शंभरीच्या उंबरठ्यापर्यंत जगल्या. फलटणच्या बेबीताई कांबळे घरच्यांपासून लपवून लिहीत राहिल्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव जाऊन चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांना बोलते केले, म्हणून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' झाले. त्या बायांकडून नुसते आशीर्वाद घेऊन दोघी परतल्या असत्या, तर ती नावे मातीत गेली असती. १९४२ च्या जुलैमध्ये याच नागपुरात हजारो अस्पृश्य बायांची परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. तिथे बाबासाहेब म्हणाले की बायकोने नवऱ्याची दासी नव्हे, बरोबरीची मैत्रीण म्हणून राहावे. त्या परिषदेला आमच्यातल्या एकीची आजी गेली होती. आईने मुलाशी कोणत्या नात्याने राहावे, तेवढे पुढचे वाक्य आमच्या पिढीला म्हणावे लागणार, असे दिसते.

बुद्धाच्या काळातली सोणा थेरी आम्हाला फार जवळची वाटते. पुष्कळ लेकरांची आई म्हणून तिला बहुपुत्तिका म्हणत. तिने मिळकत मुलांना वाटून दिली आणि वाटल्यावर मुलांना ती जड झाली. हे वाचले तेव्हा आमच्या खोलीत कोणी बोलेना. मग व्हरांड्यात खाट गेलेली बाई म्हणाली, "बक्षीसपत्र तिनंही केलं होतं म्हणजे." सोणा म्हातारपणी संघात गेली, आणि उत्साहाने प्रयत्न करणाऱ्या भिक्खुणींमध्ये तिला पहिली म्हटले गेले. म्हणजे तरुण भिक्खुणींपेक्षाही पुढे.

शरीराचे एक लिहायचे राहिले, ते पुरुष वाचकांना आवडणार नाही. म्हाताऱ्या बाया घराबाहेर का पडत नाहीत, यावर पुष्कळ चर्चा होते, संस्कार, लाज, घराची ओढ. खरे कारण बहुधा लघवी असते. सात-आठ बाळंतपणे, बाळंतपणानंतर आठव्या दिवशी कामावर, त्यामुळे कोणाचे अंग बाहेर येते, कोणाला खोकल्याबरोबर लघवी होते. बाई सभेला जायच्या आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही. तीन तासांच्या सभेत साडेचारशे खुर्च्या असतात, भलामोठा बॅनर असतो, बाबासाहेबांच्या पुतळ्याला रोषणाई असते आणि बायांसाठी एक आडोसा नसतो. अंग बाहेर येण्यावर इलाज आहे, सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रिया होते. आमच्यातल्या दोघींनी करून घेतली, वीस-वीस वर्षे सोसल्यावर. मोतीबिंदू पाच जणींनी काढला, फुकट. लाजेने जो आजार सांगितला जात नाही तो पहिला सांगायचा, असा आमच्या रविवारचा नियम आहे. दवाखान्यात सोबत जायला आमच्याकडे एक निवृत्त आया आहे, ती डॉक्टरलाही प्रश्न विचारते.

येत्या २५ डिसेंबरला आम्ही महाडला जायचे ठरवले आहे. अकरापैकी नऊ जणींनी अजून चवदार तळे पाहिलेले नाही. रेल्वेत बायांना ५८ व्या वर्षापासून अर्धे भाडे होते, ते मार्च २०२० मध्ये करोनाच्या नावाखाली बंद झाले. करोना गेला, सवलत काही आली नाही. म्हणून पूर्ण तिकीट काढावे लागते आणि आम्ही जूनपासून महिना २०० रुपये जमा करतोय, वही थोरलीकडे आहे, दर रविवारी मोठ्याने वाचून दाखवते. नागपूरहून मुंबईकडे, तिथून कोकण रेल्वेने वीर स्थानक आणि पुढे महाडपर्यंत एसटी. दोघींच्या मुलांनी "एवढ्या लांब कशाला, टीव्हीवर दाखवतात की" असे म्हटले आहे. एकीचा मुलगा स्वतःहून तिकिटे काढायला आला, त्याला वहीत नाव लिहून पावती दिली.

खालची शायिका सगळ्यांना लागणार, गुडघ्यांमुळे. महाडच्या कार्यकर्त्या भावांना आमची एकच विनंती आहे: राहायची जागा साधी चालेल, जेवण आम्ही स्वतः करू, पण तळ्याजवळ बायांसाठी शौचालय कुठे आहे आणि ते २५ तारखेला उघडे असेल का, तेवढे आधी कळवावे.